मुकी गाडी आणि ऐंशी गाठी

१२ मार्च, मंगळवार. आभाळ मोकळं. दुपारी ऊन कडक, वारा नाही.

माझ्या वहीचं रोजचं पहिलं वाक्य असंच असायचं. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी अकोल्याच्या एका जीन-प्रेसमध्ये, म्हणजे कापूस पिंजून गाठी बांधायच्या कारखान्यात, स्टोअरचा बाबू होतो. त्या हंगामात शेठजींनी मुंबईच्या एका कंपनीकडून माल वाहायची बॅटरीची गाडी आणली, आणि तिची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी पानावर रेघा मारल्या. चार्जिंग किती तास, फेऱ्या किती, बॅटरीच्या मीटरचा काटा कुठे. शेवटी दोन बोटं जागा उरली, तिथे ‘शेरा’ लिहिलं. इथेच फसलो! दोन बोटांत किस्सा मावतो थोडाच? शेरे समासात गेले, समासातून पानामागे गेले. हंगाम संपता संपता वहीत आकडे थोडे आणि माणसंच जास्त झाली.

* * *

कापसाच्या आवारात इंजिनाची गाडी आणायची सोय नाही. एक ठिणगी उडाली की सारा हंगाम राख. म्हणून प्रेसमधून बांधून निघालेल्या गाठी रेल्वेच्या सायडिंगपर्यंत बैलगाडीनेच जायच्या, आणि हे काम आठ वर्षं किसन गाडीवानाच्या जोडीकडे होतं.

बॅटरीची गाडी आली तेव्हा शेठजींनी किसनला सांगितलं, की तू चालवायला शीक. गाडी हंगामापुरती बोलीवर आहे. शेवटी कंपनीचा इंजिनिअर येईल आणि परीक्षा होईल. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, एका चार्जिंगवर ऐंशी गाठी सायडिंगला पोचल्या पाहिजेत. पोचल्या तर गाडी ठेवू आणि तू कायमचा ड्रायव्हर. नाही पोचल्या तर गाडी मुंबईला परत.

किसन तीन दिवस रोजच्यासारखी बैलगाडीच हाकत राहिला. चौथ्या दिवशी त्याने जोडी वलगावच्या एका शेतकऱ्याला विकली आणि हातात नुसती घुंगरमाळ घेऊन परत आला. मी विचारलं, निकाल लागेपर्यंत तरी थांबायचं होतंस.

तो म्हणाला, "बाबूजी, घरी बैल उभे असते तं मन हिच्यात लागलं नसतं."

* * *

गाडी उभ्याने चालवायची. पायाखाली एक पेडल. दाबून धरलं तर गाडी चालते, पाय उचलला की जागच्या जागी थांबते.

पहिल्या दिवशी किसन पाच गाठी घेऊन झोकात निघाला. सायडिंगच्या अलीकडे एक चढ आहे. चढ आला आणि किसन सवयीने टुणकन खाली उतरला. गाडी थांबली. तो पुन्हा चढला, गाडी चालली. जरा पुढे जाऊन पुन्हा उतरला, गाडी पुन्हा थांबली!

आमचे मॅनेजर जोगळेकर पुण्याचे. त्यांनी विचारलं, हे काय चाललं आहे?

"सायेब, चढावर बैलाले आपलं वजन देत नसते."

"अहो, यंत्राला दया लागत नाही," जोगळेकर म्हणाले.

किसन वरच उभा राहिला, पण महिनाभर चढावर त्याचं तोंड चोरासारखं व्हायचं.

* * *

गाडीला आवाजच नव्हता. कामगारांनी तिचं नाव ठेवलं ‘मुकी’. नाव गोड, पण धोका मोठा. आवारात कापूस निवडणाऱ्या बाया पाठमोऱ्या बसलेल्या असायच्या. एकदा चंद्राबाईच्या पाठीशी मुकी इतक्या जवळ येऊन थांबली, की बाई टोपलीसकट कापसाच्या ढिगात गेली.

ढिगातून डोकं काढून ती म्हणाली, "काहून रे किसन, मांजर पाळली का? पाऊलच वाजत नाई तुया गाडीचं!"

दुसऱ्या दिवशी मुकीच्या गळ्यात घुंगरमाळ. म्हणजे हँडलच्या खाली, पण किसन गळाच म्हणायचा. जोगळेकरांना हे काही आवडलं नाही. कंपनीच्या वस्तूला परस्पर दागिने चढवू नयेत असं त्यांचं मत. मी वही दाखवली. माळ बांधण्याआधीच्या आठवड्यात चार जण धक्का लागता लागता वाचले होते, नंतर एकावरही तशी वेळ आली नव्हती. माळ राहिली.

* * *

अमरावतीचे एक प्रेसवाले शेठ मुद्दाम गाडी बघायला आले. चारी बाजूंनी फिरले, वाकून खाली बघितलं, मग किसनला विचारलं, की ही खाते किती?

किसनने शांतपणे सांगितलं, "रातभर खाते शेठजी. पन सकायी शेण उचला लागत नाई."

शेठ हसत हसत मोटारीत बसले. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. गाडीचा निकाल काय लागतो ते कळवा.

* * *

बॅटरीला शुद्ध पाणी लागतं. कंपनीने दिलेल्या काचेच्या बरण्या माघातच संपल्या. मुंबईहून माल येईना, आणि आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं खारट पाणी बॅटरीत घातलं तर बॅटरी गेलीच समजा. वाफेचं पाणी धरायला हवं होतं, पण ते करायचं कोणी?

आवारातल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं. गोमाजी हमाल. दारूबंदीचे दिवस होते आणि गोमाजीच्या हातची मोहाची दारू कुठे कुठे पोचते हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त बोलत कोणी नव्हतं. गोमाजीने स्टोअरच्या मागे तांब्याचा हंडा चढवला, नळी लावली, आणि थेंब थेंब पाणी बाटलीत पडू लागलं.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी चुगली केली आणि पोलिसांचे जमादार थेट भट्टीवर आले. हंडा, नळी, बाटली, शेजारी गोमाजी. मुद्देमाल जागेवर! जमादारांनी बाटली उचलली, हुंगली, बोट बुडवून चाखली. पुन्हा चाखली. त्यांचा चेहरा पडला.

गोमाजी हात जोडून म्हणाला, "माफ करा जमादारसायेब. माया हातून असं पयल्यांदाच झालं."

* * *

किसनची एक खोड मात्र जाईना. बारा वाजले की तो मुकीला झाडाखाली उभी करायचा, बॅटरी गाडीला जोडणारा प्लग उपसायचा आणि भाकर सोडायचा. दुपारी बैल सोडतात, म्हणून ही पण सोडायची! तासाभराने पुन्हा प्लग.

जोगळेकर चिडायचे. मलाही हसू यायचं. पण वहीत लिहायचं तर खरं लिहायचं, म्हणून मी पडताळा घेतला. अकरा दिवस तिला दुपारी सोडू दिली, अकरा दिवस सोडू दिली नाही. सोडलेल्या दिवशी मीटरचा काटा नुसत्या विसाव्याने तासाभरात वर सरकायचा आणि गाडी एखाद-दुसरी फेरी जास्त ओढायची. मी हे तीनदा तपासलं. मग समासात लिहून ठेवलं आणि कोणाला बोललो नाही. बाबूचं कोण ऐकतं?

* * *

आणि १२ मार्च. परीक्षेचा दिवस. पाच-पाच गाठींच्या सोळा फेऱ्या. गाडीला हात लावून ढकलायचं नाही, ही कंपनीच्या इंजिनिअरची अट. सात वाजता घुंगरं वाजली. बाया ढिगावरून उठून उभ्या राहिल्या, गोमाजी आणि हमाल गाठी चढवायला तयार. शेठजी खुर्ची टाकून बसले.

बारा वाजता नऊ फेऱ्या झाल्या. किसन प्लगकडे वाकला, तर जोगळेकरांनी त्याला अडवलं. आज ते लाड नकोत, वेळ फुकट जाईल. इंजिनिअरनेही मान डोलावली. किसन दहाव्या फेरीला निघाला.

तेराव्या फेरीला घुंगरांचा ठेका मंदावला. चौदावीला बाया गाडीबरोबर चालू लागल्या आणि पुढे निघून गेल्या. पंधरावी फेरी चढावर गोगलगायीसारखी चढली. रिकामी परत आली तेव्हा चार वाजले होते. पाच गाठी राहिल्या होत्या आणि काटा तळाला.

जोगळेकर म्हणाले, चढवा गाठी, निघा.

किसनने मुकी झाडाखाली नेली. प्लग उपसला. खाली बसला आणि भाकर सोडली.

"अरे, घड्याळ चालू आहे!" जोगळेकर ओरडले.

"चालू द्या सायेब. थे नाई थकत."

इंजिनिअर हसला. शेठजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. अकरा दिवस असे, अकरा दिवस तसे. शेठजींनी बोट ठेवून सगळं वाचलं, वही मिटली आणि म्हणाले, "जेवू द्या त्याला."

एक तास. किसन घड्याळाकडे न बघता भाकर मोडत बसून राहिला.

पाच वाजता त्याने प्लग लावला. काटा वर आला. गोमाजीने पाच गाठी चढवल्या. जोगळेकर म्हणाले, मी स्वतः बरोबर येऊन बघतो, आणि मागच्या फळीवर उभे राहिले. गाडी निघाली. चढाच्या पायथ्याशी किसनने ती थांबवली आणि मागे वळून बघितलं.

"सायेब, उतरा. चढ आये."

ऐंशीवी गाठ पाच वाजून एकोणीस मिनिटांनी वॅगनमध्ये गेली. शेठजींनी गाडी ठेवली. मॅनेजर जोगळेकर पाच वाजून चोवीस मिनिटांनी चालत पोचले.