मामाचं गाव विचारणारं यंत्र

मी आजवर बऱ्याच जणांना चहाला बोलावलंय, पण ज्याला तोंडच नाही अशाला एकदाच.

आमच्या समाजाची वधू-वर सूची मी सांभाळतो. पूर्वी वही होती, आता इंटरनेटवर फोल्डर आहे. त्यात मुलामुलींचे बायोडाटे, फोटो, फोन नंबर. ज्याला बघायचंय त्याने परवानगी मागायची आणि मी मंठ्याच्या शाळेतल्या माझ्या कारकुनी टेबलावरून 'मंजूर' दाबायचं. शाळेत माझ्या हातात मंजूर करण्यासारखं दुसरं काहीच नाही, त्यामुळे हे बटण मी जरा जास्तच प्रेमाने दाबतो.

एका दुपारी विनंती आली : 'आदरणीय महोदय, एका कुटुंबाच्या वतीने सदर सूची पाहण्याची अनुमती मिळावी.' एवढं शुद्ध मराठी आमच्या समाजात कुणी लिहीत नाही. मी भारावलोच. मंजूर करून वर लिहिलं, 'अवश्य पाहा. मंठ्याला आलात तर घरी चहाला या.' डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर : 'आमंत्रणाबद्दल आभार. मी एआय सहायक असल्याने चहा घेऊ शकत नाही.' मला वाटलं, कुठल्यातरी कार्यालयातला सहायक असेल, बिचाऱ्याला पित्त असेल.

आठ दिवसांनी बायकोच्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. ती अंबडला नर्स आहे. 'कसलाही त्रास होणार नाही' असा शब्द स्वतः देऊन बायकोने तिचं नाव सूचीत घालायला लावलं होतं.

"मावशी, माझं नाव काढा त्यातून. ड्युटीवर असताना फोन येऊन राह्यले. कोणी क्रीम विकतंय, कोणी लग्नाचा हॉल. फोटो पण गेला वाटतं माझा. पुढच्या चतुर्थीपर्यंत थांबते. अजून एक जरी फोन आला ना, तर नाव काढायचं, आणि मंग लग्नाचा विषय पण काढायचा न्हाई."

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दोन दिवस मला बिनसाखरेचा चहा मिळाला.

शेवटी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या लेकीला ती शुद्ध मराठीतली विनंती पाठवून विचारलं. ती हसून हसून आडवी झाली. "पप्पा, तो माणूस न्हाई! लोक आता असले प्रोग्राम कामाला लावतात, ते दारोदार फिरून माहिती गोळा करतात. तुम्ही त्याला चहा पाजून राह्यले!"

तिने मंजूर झालेले सगळे परके बाहेर काढले आणि एक नवं यंत्र बसवून दिलं. यंत्र म्हणजे सॉफ्टवेअरच, पण काम एकच : असल्या प्रोग्रामांना नकार द्यायचा. बायकोला ते फार आवडलं. "घरात कोणीतरी न्हाई म्हणणारं आलं एकदाचं," म्हणाली.

येणाऱ्याला एक प्रश्न विचारायची सोय त्यात होती. प्रश्न मी ठरवायचा. मी खूप डोकं लावलं. सोयरीक म्हटलं की आपल्याकडे पहिली चौकशी मामाची. तेव्हा प्रश्न : 'मामाचं गाव कोणतं?' आणि यंत्राला सांगून ठेवलं, गाव सांगेल त्याला आत सोड, आडवंतिडवं बोलेल त्याला नकार. रोज संध्याकाळी मी नकारांचा नुसता आकडा बघायचो आणि मिशीवरून हात फिरवायचो. भाचीला फोन यायचे थांबले. फक्त स्थळंही यायची थांबली.

चतुर्थीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. रांगेत पुढे अंकुशनगरचे एक गृहस्थ उभे. त्यांचा मुलगा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. बायकोने एका लग्नात भाचीबद्दल यांनाच सांगून ठेवलं होतं, आणि ते का येईनात म्हणून ती महिनाभर झुरत होती.

"काय पाव्हणं," ते मला म्हणाले, "लईच कडक पहारा बसवला की. तीनदा आल्तो तुमच्या दारात. तिन्ही बारला हाकलून लावलं. आमच्या पोरात काय खोट हाये ते तरी सांगा."

मी रांगेतच मोबाईल काढला. नकारांत त्यांची तिन्ही उत्तरं होती. बायकोने ती मोठ्याने वाचली. मामाचं गाव कोणतं? पहिलं : 'आधी तुम्ही सांगा, तुम्ही कोणाचे?' दुसरं : 'कोणाच्या मामाचं? माझ्या का पोराच्या?' तिसरं : 'अवो, वळखलं न्हाई का? आपली भेट झाल्ती की, तुम्ही पंगतीत जिलबी वाढत होते, मला एकच वाढली.'

"एकच?" बायको म्हणाली.

"एकच. तीबी मोडकी."

मंजूर झालेल्यांत दोनच नावं होती, दोन्ही त्याच सकाळची. दोघांनीही गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं बराबर लिहिलं होतं, वर 'आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद.' मामाचं गाव विचारल्यावर धन्यवाद म्हणणारा माणूस मी जालना जिल्ह्यात बघितलेला नाही. दोघांना तिथल्या तिथे बाहेर काढलं, यंत्राची अट उलटी केली : सरळ उत्तर देईल त्याला नकार, उलटा प्रश्न विचारेल त्याला आत सोड. मागून एकजण ओरडला, "सरका पुढं! गणपतीला पण कामं हायेत!"

गृहस्थांनी तिथेच चौथ्यांदा विनंती केली. 'मला कशाला विचारता, माझ्या मेव्हण्याला विचारा,' एवढंच लिहिलं. लगेच मंजूर.

पुढच्या रविवारी ते मुलाला घेऊन आले. भाचीने मुलाला अंगणात नेऊन अर्धा तास स्वतःच चौकशी केली आणि आत येऊन मावशीच्या कानात हो म्हणाली. मी पाहुण्यांना जिलब्या वाढल्या, अख्ख्या.

पाहुणे गेल्यावर मी सहज म्हटलं, "बघितलं? शेवटी माझ्या यंत्रानेच जमवलं."

बायको ताटं उचलत होती. "यंत्र चांगलंच हाये," ती म्हणाली. "आमच्या दादांकडं पाहिजे होतं. तुम्ही मला बघायला आल्ते तेव्हा दादांनी मामाचं गाव विचारलं, तर तुम्ही तालुक्यासकट सांगितलं, आणि वर धन्यवाद म्हणले."