व्ही नव्हे, सात

शेवटच्या भेटीत थोरल्या मामांनी मला ‘कशी आहेस’ असं विचारलं नाही. माझ्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, “पेन लई आवळून धरतीस तू. बोटाला घट्टा पडून राहिला.” मी हात ओढणीत लपवला. पाच दिवसांनी सकाळी आईचा फोन आला, मामा गेले… आणि फोन कानाला तसाच धरून मी बोटावरचा तो घट्टा बघत बसले. याला आता दीड महिना झाला.

मामा कळमनुरीचे सुतार. दारं-खिडक्या सगळेच सुतार करतात. मामांचं नाव होतं ते मुठींसाठी. नांगर धरायचं रुमणं असो की कुऱ्हाडीचा दांडा, जो धरणार त्याचा हात बघितल्याशिवाय ते लाकडाला रंधा लावत नसत. ‘भावासाठी पाहिजे’ म्हणणाऱ्याला “मंग भावाचा हात घेऊन ये” म्हणून परत पाठवत. पार जवळा बाजार गावाहून आलेली माणसं चिडून निघून जात आणि पुढच्या आठवड्यात भावाला घेऊन येत. इतकं करून मामांनी कुठल्याच वस्तूवर नाव घातलं नाही. आतल्या बाजूला फक्त हात टेकतो त्या जागेच्या मापाचा आकडा कोरायचे, तोही उर्दूत. काम त्यांना गावातल्या एका उस्तादांनी शिकवलं होतं आणि मापं उस्तादांच्याच आकड्यांत डोक्यात बसली होती. पत्र मराठीत, माप उर्दूत, असं शेवटपर्यंत चाललं.

मी हिंगोलीच्या इंग्रजी शाळेतली. चौथीत नुकतेच रोमन आकडे शिकून आले होते. एका दांड्यावर मला व्ही दिसला आणि मी मामांना म्हणाले, व्ही म्हणजे पाच.

“सात हाय ते, माय.”

“आमच्या बाईंनी पाच सांगितलंय.”

मामांनी रंधा खाली ठेवला. “मंग तुह्या बाईला सांग, दोन सूत कमी पडून राहिले.”

दुकानात बसलेली माणसं हसली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, उर्दूतला सात इंग्रजी व्हीसारखा दिसतो आणि आठ उलट्या व्हीसारखा, हे मला त्या दिवशी कळलं. पण मी इतकी लाजले की पुढे महिनाभर दुकानाकडे फिरकले नाही.

मामा गेल्यावर तीन आठवड्यांनी पोलिसात असलेल्या मावसभावानं नेमबाजांच्या ग्रुपवर फिरत असलेला एक फोटो मला पाठवला. नेमबाजीच्या रिव्हॉल्व्हरची शिसवी मूठ, डाव्या-उजव्या अशा दोन भागांतली. ती साळवीसाहेब नावाच्या निवृत्त पोलिस नेमबाजांची होती. राज्य स्पर्धेतलं पदक त्यांनी त्याच मुठीवर मिळवलं होतं, आणि आता ती त्यांच्या सराव केंद्रात काचेच्या कपाटात ठेवायची होती. खालच्या पाटीवर कारागिराचं नाव हवं होतं. पण शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या ज्या हवालदारानं ती कुठून तरी बनवून आणली होती, तो हयात नव्हता. फोटोत दिसणारी खूण एकच, उजव्या भागाच्या आतल्या बाजूला कोरलेला व्ही. फोटोखाली जाणकारांची चर्चा रंगली होती. कुणी म्हणे कारागिराचं आद्याक्षर, कुणी म्हणे पाचवी जोडी. इतकं सफाईचं काम इकडचं नव्हेच, परदेशी असणार, यावर बहुतेकांचं एकमत होत आलं होतं, आणि पाटी त्याच आठवड्यात रंगवायला जाणार होती.

मी अनोळखी माणसाला सहसा फोन करत नाही. त्या दिवशी मावसभावाकडून साहेबांचा नंबर घेतला, वाक्यं कागदावर लिहून काढली, फोन लावला आणि पहिलंच वाक्य विसरले.

“तो व्ही नाही,” मी म्हणाले. “सात आहे. माझ्या मामांनी कोरलाय.”

“बाळा,” साळवीसाहेब म्हणाले, “असे चार मामा आधीच येऊन गेलेत.”

“मुठीच्या उजव्या भागाला खाली तळवा टेकायला कट्टा आहे ना? तो मोजा. सात सूत भरेल… म्हणजे बावीस मिलिमीटर.”

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. मग मोजपट्टी लाकडाला टेकल्याचा.

“बावीस,” ते म्हणाले. आवाज बदलला होता. “डाव्या भागावर उलटा व्ही आहे. तो फोटोत नाही.”

“तो आठ. आठ सूत म्हणजे एक इंच. अंगठा टेकतो ती जागा मोजा.”

तीही बरोबर निघाली. मग ते आपण होऊनच बोलू लागले. लहानपणी करंगळी मोडून वाकडी बसली होती, त्यामुळे कुठलीच तयार मूठ हाताला लागत नसे. हवालदारानं एकदा ओल्या मातीचा गोळा त्यांच्या हातात दाबून घेतला होता. कशाला, ते सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते कळमनुरीला आले. दारात त्यांनी हात जोडले. मामी त्यांच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत म्हणाली, “करंगळीवाले साहेब व्हय तुमी? लई उशीर केला.” साहेब गोंधळून माझ्याकडे बघू लागले. या घरात ते कितीतरी वर्षं त्याच नावानं राहत होते. मामांनी ना त्यांना कधी पाहिलं होतं, ना त्यांचं रिव्हॉल्व्हर. नमुन्याला आली होती फक्त जुनी मूठ आणि तो मातीचा गोळा. त्या एका करंगळीसाठी मामांनी तीन मुठी फोडून टाकल्या होत्या. चौथी हवालदार घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही.

“बसली का न्हाई,” मामी म्हणाली, “मरेस्तोवर इचारत होते.”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “बसली. हातात काही धरलंय हेच विसरायचो मी.”

मामीनं मान हलवली. ती रडली नाही. “बराबर,” एवढंच म्हणाली आणि दुकानातल्या फळीवरून मातीचा सुकलेला गोळा काढून त्यांच्या पुढे ठेवला. साहेबांनी त्यावर बोटं ठेवली. सांधे जाड झाले होते, पण करंगळी तिच्या जागी बसली. हा मी नेऊ का, असं त्यांनी विचारलं.

“मूठ तुमची, माती आमची,” मामी म्हणाली.

पाटीवर मामांचं नाव लागलं आहे. ते मी लिहून दिलं, मराठीत. मुठीचे दोन्ही भाग उघडून, सात आणि आठ दिसतील असे ठेवले आहेत. गोळा पुन्हा फळीवर गेला. वरून तो साहेबांचा हात आहे. उचलला की कळतं, खालच्या अंगाला मामांची बोटं उमटली आहेत. ओला असतानाच त्यांनी तो हातात घेतला असणार. फळी पुसताना मी त्याच खळग्यांत बोटं ठेवून तो उचलते… माझी बोटं त्यात सैल पडतात.