डाव्या खांद्यावरची मॅग्नम

अमेरिकेत ईडन प्रेरीतले आमचे शेजारी काका निवृत्त सर्जन आहेत आणि पक्के डावखुरे. प्रत्येक वाक्य ‘बघ हं’ने सुरू करतात. बंदुकांना माझा विरोध आहे, हे मी त्यांना दर भेटीत सुनावतो. तरी परवा त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलोच.

आयुष्यभर उजव्या हाताच्या लोकांसाठी बनवलेल्या रायफली वापरून त्यांनी अखेर डाव्या बाजूला बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा दांडा, असलेली जबर ताकदीची मॅग्नम रायफल घेतली होती. बार उडताना खांद्याला बसणारा तिचा धक्का सोसला नाही, तर शिकार कायमची बंद करणार होते.

“काका, खांदा निखळेल!”

“बघ हं, ताठ उभं राहिलं तर निखळतो. पुढे झुकायचं आणि दस्ता खांद्यात घट्ट दाबायचा.”

बार झाला. काका पाऊलभर मागे सरकले, डाव्या हाताने सहज बोल्ट ओढला आणि ओरडले, “अरे, ही माझ्यासाठी बनवलीय!”

टाळ्या मीच वाजवल्या, अगदी कडकडून.