दत्तारामाच्या नावाचा बर्फ

मालवणच्या बंदरावर गुरुदास मेतराला कोणी नावाने हाक मारत नसे. तो 'कॉम्प्युटर'. "कॉम्प्युटर इलो रे!" असं कोणी ओरडलं की गुरुदास यायचा, खरं यंत्र आपलं टेबलावरच. कणकवलीला डिप्लोमा करून आलेल्या या गड्याने अठ्ठ्याण्णव साली मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्याचा प्रोग्रॅम एकट्याने फॉक्सप्रो नावाच्या भाषेत लिहिला होता. कोणाच्या होडीला बर्फ किती, पाळी कोणाची, चिठी कशी छापायची, सगळं त्यात. यंत्र अडलं की गुरुदासला बोलावणं आणि सुटलं की गुरुदासला चहा. आठ वर्षं त्याने त्या चहावर मिशीला पीळ दिला.

मग नवी यंत्रं आली, त्यांवर जुना प्रोग्रॅम धड चालेना, आणि सोसायटीने ठरवलं की सगळं काम जावा नावाच्या नव्या भाषेत करून घ्यायचं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना पुण्याच्या एका कंपनीतून योगिनी आली. मुलगी मूळची सावंतवाडीची, हुशार, आणि बोलण्यात गोड.

ती गुरुदासचा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचायची. एक दिवस भर ऑफिसात तिने विचारलं, "सर, हे बांगडा एक, बांगडा दोन, पेडवे तीन... ही कसली नावं?"

आता प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं. बाविशीतल्या गुरुदासला नावं सुचेनात, तेव्हा त्याने दिसेल तो मासा दिला होता. ऑफिस पोट धरून हसलं. योगिनीने जीभ चावली आणि सावरून घ्यायला म्हणाली, "नव्या भाषेत होडी वेगळी, सभासद वेगळा, चिठी वेगळी. ज्याचं काम त्याच्याकडे. तुमचं सगळं एकाच टोपात शिजलंय, एवढंच." यात कसला आलाय अपमान? पण गुरुदास सगळ्यांबरोबर हसला, आणि घरी गेल्यावर ताटातल्या बांगड्याला त्याने हात लावला नाही.

चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "सर, इथे एक ओळ आहे. सभासद वारला असला तरी चिठी निघते. ही कशासाठी?"

ही ओळ म्हणजे सोसायटीची जुनी रीत. जो दर्यात बुडून गेला, त्याचं नाव पुढचा पूर्ण मोसम खोडायचं नाही; त्याच्या नावाचा बर्फ त्याची बायको नेते आणि लिलावात घेतलेले मासे त्यावर ठेवून विकते. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची गरज कोणाला पडली नव्हती. गुरुदासने ते त्या एका ओळीत बसवलं होतं.

"ती जुनी चूक आहे," गुरुदास म्हणाला. "काढून टाका."

नव्या प्रोग्रॅमची फजिती व्हावी आणि लोकांनी आपल्या दाराशी यावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या वादळात शेजारचा दत्ताराम गेला होता. गुरुदासला पोहायला शिकवलेला दत्ताराम. तो आपल्याला त्या वेळी आठवला नाही, असं गुरुदास पुढे स्वतःला सांगून बघायचा. पण आठवला होता, आणि तरीही तो बोलला होता.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या, नवा प्रोग्रॅम सुरू झाला. पहिल्याच सकाळी दत्तारामाची बायको तुळसा पाटी घेऊन रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या कारकुनाने बटणं दाबली आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "दत्ताराम अस्तित्वात नाही. चिठी नाही."

"अस्तित्वात नाय ता माका म्हायत आसा रे," तुळसा म्हणाली, "पण बर्फ?" मागे चार पावलांवर गुरुदास उभा होता. तो पुढे झाला नाही. तुळसा रिकामी पाटी घेऊन गेली आणि तिचे मासे त्या दिवशी उन्हात नासले.

दुपारी चेअरमन गुणाजीशेठनी योगिनीला सगळ्यांदेखत उभं केलं. "मेलेल्याची बायल जिती आसता, ह्यां थंय पुण्याक शिकवणत नाय?"

योगिनीने एकदा, फक्त एकदाच, गुरुदासकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "चूक माझी आहे. मी आणखी कोणाला तरी विचारायला हवं होतं."

"बघ रे गुरुदास," गुणाजीशेठ वळून म्हणाले, "तुझोच जुनो बरो होतो!"

याच वाक्यासाठी त्याने हा सगळा खटाटोप केला होता. ते आलं, आणि त्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

योगिनीने संध्याकाळपर्यंत ती ओळ नव्या प्रोग्रॅममध्ये घातली. दुसऱ्या दिवशी तुळसाला बर्फ मिळाला, आणि पाटी विकून झाल्यावर ती गुरुदासच्या अंगणात आली. केळीच्या पानात गुंडाळलेला मोठा सरंगा मासा तिने त्याच्यापुढे धरला.

"घी रे. सगळी सांगतत, तुझ्या प्रोग्रॅमात माझ्या घोवाचा नाव होता. तू राखलंस."

गुरुदासचे हात पुढे होईनात. "काकी," तो म्हणाला, "ती ओळ मीच काढूक सांगलंय. मुद्दाम."

तुळसाने पुढे केलेला सरंगा मागे घेतला. ना शिवी, ना रडणं.

"माका कित्याक सांगतंस?" ती म्हणाली. "बोलणी त्या पुण्याच्या चेडवान खाल्ल्यान. तिका सांगलंस?"

त्याने मान हलवली. नाही.

तिने सरंगा त्याच्या हातात कोंबला. "मगे ह्यो तिका नेऊन दी. आणि सांग."

गुरुदास निघाला. वाटेत सोसायटीच्या पायरीवर गुणाजीशेठ चार माणसांत बसले होते. "काय रे कॉम्प्युटर, येवढो सरंगो घेऊन खंय?"

"योगिनीकडे," गुरुदास थांबून म्हणाला. मान वर करायला त्याला वेळ लागला. "तुमी पण चला, गुणाजीशेठ. आणि ही सगळी पण येऊ देत. काल तिका बोललात, तेवा सगळीच होती."