पेठेतल्या भिंती पाडताना

बारामतीच्या पेठेत मी आन सलीमभाईनं उभी हयात जुन्या इमारती पाडल्या. माती-दगड ट्रॅक्टर भरून जातं. किस्से कोण न्हेणार? ते माझ्या डोक्यात साचल्यात. आता जेसीबी आलाय, आमा दोघांना कामाला कुणी बोलवत न्हाय. बसल्या बसल्या सांगतो.

*

एक कापडवाले शेठ. रोज गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची जागा म्हंजी देऊळ! पहिल्यापासनं!"

दर्शनी भिंतीचा गिलावा खरवडला, तर खाली जुनी रंगवलेली पाटी. मला वाचाय बेताचंच येतं, पण ही झटक्यात वाचली. 'देशी दारूचे दुकान'! त्यात बाजाराचा दिवस.

शेठ पांढरेफटक. "आबा, चुना मारा! आत्ता मारा!"

तोवर एक म्हातारा पायरीवर येऊन टेकलाबी. म्हणाला, "हितंच बसायचो मी."

*

जुन्या लॉजातलं कपाट हलवलं, तर मागं दार. दार उघडलं, तर थेट शेजारच्या भजनी मंडळाच्या खोलीत!

मालक म्हणाला, "सोय होती."

कुणाची, ते न्हाय सांगितलं.

*

जुनं टॉकीज पाडलं. पडद्यामागं ढीगभर चपला! सगळ्या एकेकट्या. सिनेमातल्या खलनायकाला लोकांनी फेकून मारलेल्या, झाडणाऱ्यानं मागं लोटलेल्या.

वरकुट्याचा एक जण बघाय आला. ढीग उपसला, एक चप्पल पायात घालून बघितली आन निघाला.

"अरं, एकच घेऊन काय करतो?"

"दुसरी ठेवलीया घरी."

*

इंदापूरला कापसाच्या जुन्या गोदामाचं दार बुजवायचं होतं. सलीमभाई आतनं, मी भायेरनं. वीट न् वीट रचत वरपर्यंत आलो. शेवटची वीट ठोकली आन माझ्या ध्यानात आलं, गोदामाला दुसरं दारच न्हाय!

आतनं आवाज आला, "आबा, भिंत सरळ आली का?"

"आली की."

"मग फोडा आता."

*

आता परवाचं.

विलासरावांनी घराशेजारची जुनी माडी घेतली, पाडायला. सलीमभाई बघून आला. म्हणाला, "विलासराव, ही सागवानी तुळई पार तुमच्या घरात घुसलीया. दोन्ही घरं एकाच सुताराची. आधी ती आमाला हातानं कापू द्या, मग काय पाडायचं ते पाडा."

"तुमी चार दिवस ठोकत बसणार. जेसीबी अर्ध्या तासात मोकळा करतो. तुमचा जमाना गेला, चाचा!"

मी म्हणालो, "आवं, घरात वहिनी हायेत!"

"ती सैपाकघरात हाय. तुमी सरका."

तुळईला साखळी बांधली. जेसीबीनं ओढली. आली... आली... दहा हात आली, पंधरा हात आली, तरी शेवट न्हाय! विलासरावांच्या घरातनं धाडदिशी आवाज. धुरळाच धुरळा.

धुरळा जरा खाली बसला. तुळईच्या टोकाला विलासरावांच्या बैठकीतला पंखा लटकत होता. वायर तुटली तरी अजून फिरत होता.

तेवढ्यात आतनं वहिनी वरडल्या, "आवं, लाइट गेली का?"