हवालदार, नजर म्होरं!

आमचे मालक फौजेत हवालदार व्हते. काम सुरुंगाचं. सरहद्दीवर खडक फोडताना एक धोंडा डोक्यात बसला अन् तवापासून त्यास्नी भोवंड यायला लागली. म्हनून पेन्शन घेऊन मुरुम ह्या बाजारगावाजवळ आमच्या गावाला आले.

मिलिटरीच्या दवाखान्यात म्या संगं गेले व्हते. डॉक्टर मेजरसाहेब मलाच म्हनले, "बाई, तुमी ऐका. हा गडी ऐकनारा न्हाय. कानाच्या आत बारीक खडे असतात. मार बसला की ते जागा सोडतात. मग कूस बदलली, वर बघितलं की जग फिरतं. पन घडीभरच. सर्दी-तापानं कानाची नस सुजली तर दिसदिस फिरतं. कानातलं पानी वाढलं तर कान दडपतो, गुनगुन व्हती, उलट्या व्हतात. ह्याचं खड्यांचं हाय. मान ताठ, नजर एका जागी. आपोआप थांबतं."

मालक म्हनले, "यस सर." घरी आले अन् इसरले.

मग दुष्काळ पडला. गावानं पान्याची सोसायटी काढून हीर खांदायला घेतली. खाली काळा पाषान लागला. सुरुंगाचं जाननारे मालक एकटेच. सगळी वर आली की ते वात पेटवायचे, लोखंडी डोलात बसायचे, शिट्टी मारायचे. डोल वर वढायच्या यारीवर आमी चौघी. शिट्टीच्या आधी मान वर करून आमची तोंडं बघायचे. समोरचा तयार दिसल्याबिगर हुकूम द्यायचा न्हाय, ही फौजेची सवय.

"वर बघू नगा," म्या रोज म्हनायचे.

"व्हय, मेजरबाई." बाया खिदळायच्या.

एक दिस वात पेटली. त्यांनी वर बघितलं. शिट्टी आलीच न्हाय. म्या वाकून बघितलं. मालक भिताडाला धरून गुडघ्यावर बसलेले. डोल बाजूलाच. वात सुरसुरत व्हती.

माझ्या जोडीची सरजा वरडली, "हवालदारसाहेब, वर बघा! आमी हितं हाव!"

म्या तिच्या तोंडावर हात दाबला. अन् जल्मात पयल्यांदा नवऱ्याला हुकूम सोडला.

"हवालदार! नजर म्होरं! दगडावर!"

ते ताठ झाले. म्या थांबले. मेजरसाहेब घडीभर म्हनले व्हते, ती घडी लई लांब व्हती.

"उजव्या हाताला डोल. चाचपा. मान हलवू नगा."

हात फिरला. डोल घावला. बसले.

"वढा!" हे बी म्याच म्हनले.

ते वर आले. आमी बांधाआड पडलो न पडलो, तवर हीर गरजली.

धूळ बसल्यावर मालक म्हनले, "हुकूम बराबर व्हता." एवढंच.

सरजा तिथंच बसून राह्यली. तिचा नवरा नामदेव आदल्या उन्हाळ्यात दुसऱ्या हिरीवर काम करताना आत पडून मेला व्हता. गाव म्हनायचं, पिऊन व्हता.

ती म्हनली, "दादा, आमचे धनी बी कूस बदलली की बाज गच्च धरायचे. दारूला कंदी शिवले न्हाईत."

"किती येळ?" मालकांनी इचारलं.

"घडीभर. मग चांगले."

मालकानं मळलेली तंबाखू टाकून दिली.

सांजच्याला सोसायटीची मानसं पारावर जमली. मालक सावधान हुबे राह्यले. "नामदेव ड्यूटीवर गेला. पिऊन न्हवता. कानाचं दुखनं व्हतं. ह्याउपर कुनी दारूचं नाव काढलं तर गाठ माझ्याशी."

पुन्यांदा कुनी काढलं न्हाय.

हिरीला पानी लागलं तवा पयली घागर सरजानं वढली. नामदेवचं नाव तिनंच मोठ्यानं घेतलं. समदा गाव टोपी काढून हुबा व्हता.