उर्दूच्या फळीवरचा डबा

शैलजा देवपुजारी मूळच्या नागपूरच्या. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहून पाऊण तासावरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत जुन्या फिल्मच्या डब्यांची नोंद ठेवायच्या. तिथे भारतीय म्हणून त्या एकट्याच, त्यामुळे योगासनांपासून हत्तींपर्यंत सगळी चौकशी त्यांच्याच टेबलावर. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी एक गंजका डबा पुढे केला. "ही लिपी कुठली?" बाईंना उर्दू येत नव्हती, आणि 'माहीत नाही' म्हणणंही येत नव्हतं. "उर्दू," त्या म्हणाल्या. नोंद झाली: 'उर्दू. नाव वाचता आलं नाही.' डबा तळघरात, बॉयलरशेजारच्या फळीवर गेला.

परवा टोलेडोहून हिशाम नासिर आले. पॅलेस्टिनी, त्रेसष्ट वर्षांचे. लेबनॉनमधल्या त्यांच्या निर्वासित छावणीतल्या शाळेवर शहात्तर साली कुणी फिल्म काढली होती. बैरूतमधली मूळ प्रत ब्याऐंशीच्या युद्धात गेली. एक प्रत अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मागवली होती. फिल्ममध्ये त्यांची बहीण होती, अकरा वर्षांची. त्याच वर्षी ती मारली गेली. तिचा फोटो एकही नव्हता. तीस वर्षं ते लायब्रऱ्या पालथ्या घालत होते. आता फक्त नाव न वाचता आलेले डबे मागवायचे.

या डब्यावरचं अरबी नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. तीच फिल्म होती.

बाईंनी 'आलेच' म्हणून जिन्यातून नवऱ्याला फोन लावला.

"जुन्या स्टाफची चूक म्हण," प्रल्हाद म्हणाला. "दोन वर्षांत रिटायर होतेस. नसता शहाणपणा करू नकोस, यार."

परत येऊन बाईंनी झाकण उघडलं. व्हिनेगरचा भपकारा आला. बॉयलरच्या उष्णतेने रीळ सडून गुळाच्या ढेपेसारखं घट्ट झालं होतं. एकही फ्रेम सुटेना.

"काही दिसतंय?"

"नाही."

"उर्दू कोणी लिहिलं?"

"मी."

त्यांनी झाकण परत लावलं. मग म्हणाले, "बरं केलंत, मॅडम. अरबी लिहिलं असतंत, तर कुणीतरी केव्हाच फेकून दिलं असतं."

अरबी लिहिलं असतं तर डबा मध्यपूर्वेच्या संग्रहाबरोबर वर शीतकक्षात गेला असता. तिथले फारसी, तुर्की डबे ठणठणीत होते. हे मात्र बाई बोलल्या नाहीत.

ते गेल्यावर त्यांनी नोंद दुरुस्त केली, नाव आणि 'अरबी' लिहिलं, आणि डबा शीतकक्षात नेऊन ठेवला. आता शंभर वर्षं त्याला काही होणार नव्हतं.